कपाटामागची रेघ

लातूर,
दिवाळी उरकल्यानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप दाजींना,

अमृतचा कंबर वाकेल तितकी वाकवून नमस्कार. (पूर्ण का वाकत नाही ते पुढं येईलच. त्यात एका लोखंडी कपाटाचा हात आहे.) अक्कालाही नमस्कार सांगा. तुमचा गुडघा काय म्हणतो? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की त्या तेलानं दुखणं गेलं नाही, पण वासामुळं शेजारी गप्पा मारायला येईनासे झाले. दाजी, तेल सोडू नका. निवृत्त माणसाला इतकी शांतता एरवी कुठं मिळते? आम्ही इकडं सगळे खुशाल आहोत, आणि हे वाक्य भूकंपानंतर मी पहिल्यांदाच खरं म्हणून लिहून राहिलो.

अक्का चष्मा शोधेपर्यंत तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. मृण्मयीचं बाळंतपण लातूरलाच होणार. आमच्या घरात, आतल्या खोलीत, स्लॅबखाली. कारण मृण्मयीची आई, म्हणजे आमची उज्वला, परवापासून आत झोपायला लागली. हाव, आत! दार लावून! घोरत! सुटलो दाजी, सुटलो. आता हे कसं घडलं ते सविस्तर लिहितो, नाही तर अक्का तुम्हाला दहा प्रश्न विचारणार आणि तुम्ही 'मला काय माहीत' म्हणून बोलणी खाणार.

भूकंप झाला तेव्हा अख्खं लातूर अंगणात झोपायला आलं होतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हीच तर नांदेडहून सतरंज्यांचा गठ्ठा घेऊन पहिल्या एसटीनं आला होतात. किल्लारीकडच्या गावांचं जे झालं ते आठवलं की आजही घास उतरत नाही. त्यांच्यापुढं आमचं काहीच गेलं नाही. एक भेग पडली. आतल्या खोलीत, तुळईपासून निघालेली, लाइटच्या बोर्डाशेजारी एक कोपरा काढून तिरकी खाली आलेली आणि आमच्या लोखंडी कपाटामागं गेलेली. (कपाट तेच, लग्नात माझ्या सासऱ्यांनी दिलेलं. जागेवर ठेवल्यापासून ते कुणी हलवलं नव्हतं. हलवायची कुणाची छातीही नव्हती.) इंजिनिअर आला, बोटानं टकटक केली, म्हणाला नुसतं प्लास्टर तडकलंय. उज्वला म्हणाली, "उगं कशाला तडकंल? प्लास्टरला काय येड लागलं व्हतं का?" गवंड्याला तिनं भेग बुजवू दिली नाही, कारण बुजवली तर वाढलेली कळायची कशी? आणि तिचं ठाम मत असं की भेग कपाटामागून थेट पायापर्यंत गेलीय, आणि भिंत उभी आहे ती कपाटाच्या आधारानं. मी भूमितीचा मास्तर. तीस वर्षं पोरांना सिद्धता घालून राहिलो. पण बायकोच्या या प्रमेयापुढं मी खडू खाली ठेवला.

मग अंगणात पत्र्याची शेड घातली. शेजारीपाजारी कुणी महिन्यानं आत गेले, कुणी थंडी पडल्यावर गेले. आमची शेड राहिली. दिवसा उज्वला आत स्वैपाक करायची, तोही दार सताड उघडं ठेवून आणि पायात चप्पल घालून (माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर भूकंपाची गरजच पडली नसती). पण छताखाली डोळा म्हणून मिटायची नाही. हळूहळू बाज गेली, गाद्या गेल्या, देवसुद्धा शेडमध्ये गेले. घरात राहिलो फक्त मी, आणि तोही दिवसाच. बायकोला अंगणात एकटी टाकून आत पाय पसरणारा नवरा मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या सोबतीला म्हणून मी बाहेर झोपत गेलो.

इथवर चाललं होतं. पण मृण्मयीला दिवस गेले आणि कंधारहून विहीणबाईंचा निरोप आला. बाई स्वभावानं वाईट नाहीत, बोलतात मात्र तराजूत घालून. निरोप असा, की पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे आम्हाला कळतं, पण माझं नातवंड पत्र्याखाली निजणार नाही, आणि ज्या घरात घरचीच माणसं झोपत नाहीत त्या घरात तर मुळीच नाही. त्यावर जावई यज्ञेशरावांनी 'आईचं म्हणणं आहे' एवढंच कळवलं. (ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. आईपुढं तेही खडू खाली ठेवतात.) आणि तेवढ्यात अक्काचं पत्र आलं की मृण्मयीला माझ्याकडं पाठवा, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, मी सगळं करते. दाजी, अक्कानं हे मायेनंच लिहिलं, मी जाणतो. पण उज्वलानं ते पत्र वाचलं, घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि त्या दिवशीपासून वरणात मीठ पडेना. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लेकीचं पहिलं बाळतपण नणंदच्या दारी. मंग मी आई कशाला झाले वो?" आणि ढसाढसा रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, भूकंपातसुद्धा नाही. मी वरणाची वाटी उचलली आणि सगळं वरण पिऊन टाकलं.

आता या सगळ्यात चित्रकला कुठून आली, असं तुम्ही विचाराल. सांगतो. संध्याकाळी मी श्रीनाथ सरांच्या क्लासमध्ये भूमिती शिकवतो हे तुम्हाला माहीत आहे. सध्या लातूरला दर दुसऱ्या घरावर क्लासची पाटी आहे, आणि ज्या घरावर पाटी नाही तिथं पोरं भाड्यानं राहून राहिली. नांदेड, चाकूर, उदगीर, कुठून कुठून आईबाप पोराला घेऊन येतात, खोली करतात, पोरगा आत फिजिक्स घोकतो आणि आईबाप जिन्यात बसून त्याची चप्पल राखतात. श्रीनाथ सरांची बायको मालविका पुण्याला चित्रकला शिकून आलेली. तिला या जिन्यातल्या लोकांची दया आली. तिनं दुपारचा रिकामा हॉल मागून घेतला आणि पाटी लावली: 'प्रौढांसाठी अमूर्त चित्रकला. अनुभवाची गरज नाही.' (लातूरमध्ये 'गरज नाही' असं लिहिलेली ही पहिली पाटी असावी.)

पाटी वाचली आणि माझ्या डोक्यात आलं: हॉल दुसऱ्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. उज्वलाला रांगोळीचा नाद आहेच. चित्राच्या निमित्तानं रोज तासभर स्लॅबखाली बसली तर सवय होईल, मग दीड तास, मग दुपारची डुलकी, असं चढत्या भाजणीनं बाळंतपणापर्यंत पोचता येईल. मी तिला चढत्या भाजणीचं काही बोललो नाही. म्हटलं, मालविका मॅडम एकट्या आहेत, त्यांच्या वर्गाला बायका मिळत नाहीत. ती आली. पण अटी घालून. बाक दाराजवळचा, पायात चप्पल, पिशवी खांद्याला, आणि मी शेजारी. मी काय, तिच्या सोबतीला दाराजवळच बसलो.

पहिल्या दिवशी बॅच फुल्ल! मालविका मॅडमला आनंदानं काय करावं कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. चाकूरच्या केवळाबाई, नातवासोबत खोली करून राहिलेल्या, हात वर करून म्हणाल्या, "म्याडम, माझं चित्र चांगलं आलं तर पोराला किती मार्क वाढत्यात?" सगळ्या पालकांचा समज असा झालेला, की ही 'पालक बॅच' आहे आणि हजेरी लावली तर पोराच्या निकालावर परिणाम होतो. मॅडम म्हणाल्या, मार्क नाहीत. दोघातिघांनी पिशव्या जवळ ओढल्या. पण कुणी उठलं नाही, कारण शेजारचा उठला नव्हता. उद्या खरंच मार्क निघाले तर?

मग मॅडमनं समजावून सांगितलं, की अमूर्त म्हणजे झाड, घर, डोंगर असं काही काढायचं नाही. मनात येईल ती रेघ, मनात येईल तो रंग. बायकांनी मान डोलावली आणि आधी कागदभर ठिपके टाकून घेतले. (ठिपक्यांशिवाय रेघ काढायची म्हणजे काठ्यांशिवाय तंबू, असं त्यांचं मत.) निलंग्याकडचे शिवप्पा, धान्याचे अडते, पोरगी बारावीला, यांनी सगळा कागद तुरीच्या डाळीच्या रंगानं भरून टाकला आणि घाम पुसत म्हणाले, "अय्यो म्याडम, माल भरला. आता?" मी हात वर केला आणि सभ्यपणे विचारलं, की अभ्यासक्रम किती प्रकरणांचा आहे, आणि कुठलं प्रकरण महत्त्वाचं. मॅडम म्हणाल्या, "सर, याला अभ्यासक्रम नाही. बरोबर-चूकही नाही." दाजी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. (शब्द जपून वापरायला पाहिजे, उज्वला शेजारीच होती.)

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनं नमुना म्हणून स्वतः एक चित्र काढलं. वर डाव्या हाताला निळा पट्टा, मधे पिवळा त्रिकोण, खालून तीन लाल फटकारे. म्हणाल्या, "हे बघा आणि विसरून जा." विसरून जा! लातूरमध्ये! मॅडम चहाला गेल्या तशी मी खिशातली पट्टी काढून सगळं मोजून घेतलं. त्रिकोण समद्विभुज निघाला, त्यामुळं माझा जीव भांड्यात पडला. मग रविवारी सकाळी आमच्या अंगणात जादा तास ठेवला. पक्ष: एक कोरा कागद. साध्य: अमूर्त चित्र. रचना: डावीकडून निळा पट्टा इतका, शिरोबिंदू इथं, लाल फटकारे समांतर. सगळी बॅच हजर. केवळाबाई तर पिवळा त्रिकोण डोळ्यांसमोर धरून पाठ म्हणायला लागल्या. शिवप्पांनी 'सर, कल्याण केलं' म्हणून माझे पाय धरले. जादा तासाला एकटीच बसली नाही ती उज्वला. शेडमध्ये देवांपाशी तिचं काहीतरी चाललं होतं. म्हणाली, "तुमच्या भूमितीच्या नादी लागून माझा भाऊ तीनदा नापास झालाय."

मधेच एक प्रसंग घडला तो सांगायलाच पाहिजे, कारण सगळं त्यावर आहे. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, आज सगळ्यांनी डोळे मिटून एक रेघ काढायची, हात नेईल तशी. सगळ्यांनी डोळे मिटले. उज्वलानं नाही. स्लॅबखाली ती डोळे मिटेलच कशी? मॅडमनं शांतपणे विचारलं, ताई, का नाही? उज्वला म्हणाली, "मिटले अन् वरून आलं तर?" कुणी हसलं नाही. केवळाबाईंनी तर मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, बरं, उघडे ठेवा, आणि ज्याच्यावर तुमचं सारखं लक्ष असतं ते काढा. तर उज्वलानं कागद पुढं ओढला, पेन्सिल धरली आणि एका दमात वरून खाली एक रेघ काढत आणली. बोर्डाशेजारचा कोपरा, तिथून तिरकी, सगळी तंतोतंत. मी लगेच ओळखली. इतक्या वर्षांत तिनं माझ्या तोंडाकडं जितकं पाहिलं नाही तितकं ती त्या भेगेकडं पाहत आली होती. (मला हे कसं दिसलं, असं विचाराल. मीही डोळे मिटले नव्हते. तिच्यावर लक्ष ठेवायला कुणी नको का?) पुढं रोज ती तेच चित्र रंगवत राहिली. भिंतीचा तो कळकट पांढरा रंग तिनं जमवला, रेघेला काळा घातला, आणि खाली एक मोठा राखाडी चौकोन.

दिवाळी झाल्यावर मॅडमनं हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. नांदेडहून एक चित्रकार पाहुणे आणले होते, खांद्याला झोळी, बोलणं हळू. परवा रविवारी सकाळी ते आले. पहिल्या चित्रापुढं उभे राहिले, मान हलवली. निळा पट्टा, पिवळा त्रिकोण, तीन लाल फटकारे. दुसऱ्या चित्रापुढं गेले. निळा पट्टा, पिवळा त्रिकोण, तीन लाल फटकारे. तिसऱ्यापुढं चष्मा पुसला. चौथ्यापुढं प्यायला पाणी मागितलं. अख्ख्या भिंतीवर एकच चित्र, ओळीनं! सगळे पालक आपापल्या चित्राखाली हात बांधून उभे, निकालाच्या दिवशीची पोरं जशी. केवळाबाईंनी मात्र त्रिकोणाला हळदीकुंकू वाहिलं होतं, तेवढाच फरक. मालविका मॅडमनं माझ्याकडं पाहिलं. मी खिशातली पट्टी आत ढकलली. त्यांनी ओढणी तोंडाला लावली. मला वाटलं रडतायत, तर बाई हसून हसून खाली बसल्या. पाहुणे मला म्हणाले, "इतकी एकवाक्यता मी कुठल्याच शहरात पाहिली नाही." मी 'आभारी आहे' म्हणालो.

शेवटी दाराजवळ उज्वलाचं चित्र होतं. तिथं ते थांबले आणि खांद्यावरची झोळी खाली ठेवली. मग म्हणाले, ही रेघ खरी आहे. आणि हा खालचा राखाडी चौकोन, हे मौन आहे. सगळ्या बॅचनं 'मौन, मौन' म्हणून माना डोलावल्या. उज्वला म्हणाली, "न्हाई वो, कपाट हाय." पाहुणे गडबडले. पण शिवप्पा पुढं झाले. गोदामात थप्पीमागं डोकावून बघायची त्यांना सवय, त्यांनी चित्रातल्या चौकोनाच्या कडेनं मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, कपाट हाय तर हाय. पण त्याच्या मागं रेघ कुठवर गेली?" उज्वलानं तोंड उघडलं. 'पायापर्यंत' हा शब्द तिच्या ओठावर आलेला मी पाहिला. पण तो बाहेर आला नाही. ती आपल्याच चित्राकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "बघितलं न्हाई." आणि पिशवी खांद्याला लावून माझ्याकडं वळली. "चला. बघायचंय."

असे आम्ही प्रदर्शन अर्धवट टाकून घरी आलो. मी, उज्वला, शिवप्पा, आणि 'म्याडम, मी बी येते' म्हणत केवळाबाई. (पाहुणेसुद्धा यायला निघाले होते, पण मॅडमनं त्यांना चहाला थांबवलं.) उज्वला उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पदर खोचून. म्हणाली, भिंत आली तर कपाट सोडा अन् पळा. शिवप्पांनी आतली बाजू धरली, मी दाराकडची धरली, केवळाबाईंनी खंडोबाचं नाव घेतलं. एक, दोन, तीन! कपाट हललं. माझी कंबरही त्याच वेळी हलली. भिंत मात्र होती तिथंच उभी होती.

दाजी, कपाटामागं काय होतं? कपाटाच्या माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली भेग आली होती, केसासारखी बारीक झाली होती, आणि संपली होती. बस. तिच्याखाली जमिनीपर्यंत साधी गुळगुळीत भिंत, घर बांधलं तेव्हा दिलेल्या फिक्या हिरव्या रंगाची. एक कॅलेंडरचा खिळा, कोळ्याची जाळी, आणि जमिनीवर फळ्यावरचा माझा लाकडी कंपास, जो चोरला म्हणून मी आमच्या मारोती मास्तरांशी आजवर बोलत नव्हतो. उज्वला आत आली. चप्पल दारात काढून आली, हे मी नंतर पाहिलं. खाली वाकली, जिथं रेघ संपत होती तिथं बोट ठेवलं आणि म्हणाली, "इतकीच? इतकीच होय गं तू?" मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, रडता रडता शिव्या घालायला लागली: "मेली, हिच्यापायी माझी लेक नणंदकडं चालली व्हती!" (अक्काला हे वाक्य वाचून दाखवू नका. किंवा दाखवा, तिलाही कळू द्या.)

मग तिनं चहा टाकला, सगळ्यांना दिला, आणि स्वतःचा कप घेऊन त्या भिंतीसमोर सतरंजीवर बसली, भेगेकडं पाहत. आम्ही इकडच्या तिकडच्या गप्पा मारून राहिलो. शिवप्पा तुरीच्या भावावर बोलत होते. एकाएकी मधेच थांबले आणि ओठावर बोट ठेवून म्हणाले, "अय्यो सर, हळू." बघतो तर उज्वला तिथंच कलंडलेली, हात उशाला, कप शेजारी. डोळे मिटलेले. स्लॅबखाली! भर दुपारी! आम्ही तिघं मोठी माणसं चपला हातात घेऊन चोरासारखे अंगणात आलो. केवळाबाई डोळे पुसत होत्या. मी पुसत नव्हतो, माझ्या डोळ्यात कपाटामागची धूळ गेली होती. दिवेलागणीला उठली ती तडक देव घेऊन आत गेली, मग गाद्या, मग पिठाचा डबा. तेव्हापासून आतच आहे.

काल कंधारला फोन करून कळवलं. विहीणबाई म्हणाल्या, बघून खात्री करते. येत्या शुक्रवारी त्या स्वतः मृण्मयीला सोडायला येणार, एक रात्र राहणार, आणि कोण कुठं झोपतं ते पाहून जाणार. येऊ द्या! आता आम्हाला कसली फिकीर? अक्कानं डिंक-खारकांची जमवाजमव केली असेल तर ती वाया जाऊ देऊ नये, इकडं पाठवावी. उज्वलानं राग धरलेला नाही, आणि धरला असला तरी खारकांवर नाही. थोरांना नमस्कार, लहानांना पापे, आणि तुमच्या गुडघ्याला जपा.

तुमचा,
अमृत

ता. क. उज्वलाचं चित्र पाहुण्यांनी नांदेडच्या प्रदर्शनासाठी मागितलं आहे. तुम्ही बघायला गेलात तर लोकांना सांगा की खालचं ते कपाट आहे. आमच्या बॅचची बाकीची चित्रं मागितलेली नाहीत. पाहुण्यांचं म्हणणं, एक पाहिलं की झालं.

आणखी ता. क. हे पत्र मी शेडमध्ये बसून लिहितोय. गैरसमज नको. उज्वला आत गेली म्हणून सामान सगळं आत गेलंय असं नाही. पाट आहे, जुनी घमेली आहेत, कुणीतरी राखायला पाहिजे. शिवाय या दिवसांत बाहेरची हवा कंबरेला चांगली. परवा मी उशी घेऊन आत गेलो होतो, नाही असं नाही. दिवा मालवला, पडलो, वर पाहिलं. मग आठवलं की फाटकाला कडी लावली का ते बघायचं राहिलं. बघायला आलो तो इथंच डोळा लागला. कालही फाटकाचंच निघालं.

शेवटचा ता. क. दाजी, आता स्पष्टच लिहितो, हे अक्काला वाचून दाखवू नका. भूकंपाच्या पहाटे नांदेडला मांडणीवरची भांडी तुमच्या अंगावर पडली आणि तुम्ही कूस बदलून पुन्हा झोपलात, असं अक्का अजून सगळ्यांना सांगते. वाचनालयात टेबलावर डोकं टेकून झोपायची तुमची ख्याती तर जिल्हाभर आहे. तेव्हा कृपा करून गुरुवारच्या गाडीनं या. निमित्त काहीही सांगा, भाचीला बघायचं म्हणा. चार रात्री माझ्या शेजारी, आत, पाठ टेकून झोपा. इतकं गाढ झोपणारा माणूस बाजूला असला तर मला वाटतं जमेल. शुक्रवारी विहीणबाईंनी मला पत्र्याखाली पाहिलं तर केलंसवरलं सगळं पाण्यात जाईल, आणि उज्वलाला तोंड दाखवायला मला जागा राहणार नाही. तेल आणलंत तरी चालेल. पत्र बंद करून टाकायला उज्वलाकडं देतोय.

(खालचं माझ्या हातचं.) दाजींना आन् वन्संना उज्वलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं, वाचणारच. दाजी, तुम्ही दोघं बी या, बाळतपणाला वन्सं पायजेतच, मी एकटी कुठं पुरी पडते. पण निजायला येऊ नका, त्याची गरज न्हाई. यांना सोबत लागती हे मला पहिल्या रात्रीपासून ठावं हाय. शेडचे पत्रे शिवप्पाअण्णा उद्या सकाळी गोदामावर न्यायला येणार हायेत, हे यांना अजून सांगितलं न्हाई. बाज मी आत घेतली. दाराजवळची जागा यांना ठेवलीय. भेगेकडं मी निजते.